दोन खंजीर आणि तोळ्याचा तिसरा हिस्सा

मंडळी, आज थोडं जुन्या पैशांबद्दल. जुने म्हणजे फारच जुने, दोन हजार वर्षांपूर्वीचे.

इ.स.पू. ४२ च्या सुमाराचं एक रोमन चांदीचं नाणं आहे. आकाराने आपल्या गेंड्याचं चित्र असलेल्या चार आण्यांएवढं (तेच ते, २०११ साली चलनातून गेलेलं). वजन चार ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्सा. त्याच्या मागच्या बाजूला दोन खंजीर आहेत, टोकं खाली करून. दोन खंजिरांच्या मध्ये एक टोपी. खाली मोजकी अक्षरं, 'ईड मार'. बस्स.

टोपी म्हणजे 'पिलेउस'. रोममध्ये गुलामाला मुक्त केलं की त्याच्या डोक्यावर ही टोपी यायची. खंजीर कोणाचे ते सांगायला नको. आणि 'ईड मार' म्हणजे मार्च महिन्याची ईड्स, अर्थात १५ मार्च, इ.स.पू. ४४. ज्युलियस सीझरचा खून झाला तो दिवस. म्हणजे अख्खं वाक्य असं वाचायचं: आम्ही दोघांनी १५ मार्चला खंजीर वापरून रोमला गुलामगिरीतून सोडवलं. वाक्यात क्रियापद एकही नाही! मी पोटापाण्यासाठी जे काही करतो त्यात कमी जागेत जास्त माहिती बसवणं हा मोठा भाग आहे, पण तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शात एवढं बसवणं आपल्याला तरी जमणार नाही बुवा.

कॅशियस डिओ नावाचा रोमन इतिहासकार अडीचशे वर्षांनी लिहिताना ह्या नाण्याचा मुद्दाम उल्लेख करतो. प्राचीन इतिहासकार राजे, लढाया, अपशकुन असल्या गोष्टींवर पानंच्या पानं खर्च करतात. कुठल्या एका नाण्यावर काय छापलंय हे ते सहसा सांगत नाहीत. इथे सांगितलंय. म्हणजे लोकांना ते नाणं चांगलंच लक्षात राहिलं होतं.

आता नाणं उलटं करा. पुढच्या बाजूला एक दाढी असलेला चेहरा आहे. ब्रुटसचा. स्वतःचा!

इथे खरी गडबड आहे. ती का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

हे जे नाणं, त्याचं नाव 'देनारियुस'. साधारण इ.स.पू. २११ ला, हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना, रोमने ते सुरू केलं. देनारियुस म्हणजे 'दहाचं'. तांब्याच्या 'आस' नावाच्या दहा नाण्यांबरोबर एक देनारियुस, म्हणून नाण्यावरच दहाचा आकडा असायचा. पुढे सत्तरएक वर्षांनी दहाचे सोळा झाले, नाव मात्र दहाचंच राहिलं. सोळा आस म्हणजे एक देनारियुस, सोळा आणे म्हणजे एक रुपया. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण वाचताना बरं वाटलं :-)

पहिल्या नाण्यांवरची चित्रं अगदी सरकारी होती. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे घोडेस्वार, खाली 'रोमा'. टांकसाळ होती कॅपिटोल टेकडीवर, जूनो मोनेता ह्या देवीच्या देवळाजवळ. इंग्रजीतला 'मनी' आणि 'मिंट' हे दोन्ही शब्द ह्या मोनेताबाईंवरूनच आले. नाणी पाडायची ती हाताने. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. म्हणून चित्र कधी मध्यभागी बसतं, कधी निम्मं बाहेर जातं.

टांकसाळीवर दरवर्षी तीन तरुणांची नेमणूक व्हायची. राजकारणातली अगदी सुरुवातीची पायरी. चांगल्या घरातली, पंचविशी-तिशीतली मुलं, पुढे निवडणुका लढवायच्या आहेत, आणि हातात हजारो नाण्यांचे ठसे. काय होणार? हळूहळू जुळे घोडेस्वार मागे पडले आणि प्रत्येकाचे पणजोबा-खापरपणजोबा नाण्यांवर दिसायला लागले. टिट्यूरियस सॅबिनस नावाच्या एकाने इ.स.पू. ८९ मध्ये सॅबाइन बायकांना रोमन पळवून नेतायत हे चित्र छापलं, कारण आडनाव सॅबिनस, आमचं घराणं त्यांच्यातलं! आपल्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर साहेबांच्या मागे आजोबांचा फोटो असतो, तसंच.

पण नाणं एकट्या रोमच्याच हातात नव्हतं. त्याच काळात इटलीतल्या रोमच्या मित्रराज्यांनी बंड केलं. सैन्यात आम्ही मरतो आणि नागरिकत्व मात्र नाही, ही तक्रार. बंडखोरांनी स्वतःची चांदीची नाणी पाडली, वजन-आकार हुबेहूब देनारियुसचा, कारण शिपाई दुसरं काही घ्यायला तयार झाला नसता. चित्र काय? एक बैल लांडगिणीला शिंगांखाली तुडवतोय. बैल म्हणजे इटली, लांडगीण म्हणजे रोम. काही नाण्यांवर अक्षरंही लॅटिन नाहीत, ऑस्कन लिपीतली आहेत. राग नाण्यावर उतरतो तो असा.

ह्या बंडाच्या खर्चाने रोमचं दिवाळं वाजायची वेळ आली आणि नाण्यांवरचा विश्वास उडाला. सिसेरो लिहितो की नाण्याच्या किमतीत एवढी उलथापालथ होत होती की आपल्याकडे नक्की किती पैसे आहेत हे कोणालाच सांगता येईना. बाजारात चांदीचा मुलामा दिलेली, आत तांबं असलेली नाणी फिरत होतीच. लोक नाण्यावर बारीक ठोसे मारून आतलं बघायचे. काही वर्षी तर टांकसाळीने नाण्याच्या कडेला करवतीसारख्या खाचा पाडल्या. आत चांदीच आहे हे दिसावं म्हणून, असं एक स्पष्टीकरण आहे. मला ते फारसं पटत नाही, कारण खाचा पाडून वर मुलामा दिलेली खोटी नाणीही सापडली आहेत. बनावट करणारा नेहमी एक आवृत्ती पुढेच असतो.

आणि मग येतात आमचे ग्रॅटिडिएनस. मारियस ग्रॅटिडिएनस, इ.स.पू. ८५ च्या सुमाराला प्रेटर. गोष्ट सिसेरोनेच सांगितली आहे. नाण्यांचा घोळ निस्तरायला प्रेटर आणि ट्रिब्यून सगळे एकत्र बसले, सगळ्यांनी मिळून मसुदा तयार केला, शिक्षा वगैरे ठरली, आणि दुपारनंतर सगळ्यांनी मिळून व्यासपीठावर जायचं ठरलं. बाकीचे पांगले. ग्रॅटिडिएनस मात्र तिथून थेट व्यासपीठावर गेला आणि सगळं एकट्यानेच जाहीर करून टाकलं.

आयटीत काम करणाऱ्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. सहा जणांनी रात्री जागून काम करायचं आणि एकाने सकाळी नऊला क्लायंटला मेल टाकायची.

पण पुढचं बघा. रोमच्या गल्लीगल्लीत लोकांनी त्याचे पुतळे उभारले. पुतळ्यांपुढे धूप, मेणबत्त्या. प्लिनी म्हणतो की नाणी पारखण्याची पद्धत घातली म्हणून लोकांनी हे केलं. सेनापतीचे पुतळे सगळेच उभारतात हो! खिशातला पैसा खरा आहे एवढी खात्री दिली म्हणून माणसाला देवत्व देणारे लोक म्हणजे त्यांनी त्याआधी किती सोसलं असेल, विचार करा. नंतर सुल्ला रोममध्ये शिरला तेव्हा पुतळे पाडले गेले आणि इ.स.पू. ८२ मध्ये ग्रॅटिडिएनसलाही हालहाल करून मारलं.

असो. ब्रुटसकडे परत येऊ.

इ.स.पू. ५४ मध्ये हाच ब्रुटस टांकसाळीवरच्या तिघांपैकी एक होता. तेव्हा सीझर गॉलमध्ये लढत होता आणि रोममध्ये पॉम्पी हुकूमशहा होणार अशी कुजबुज होती. तरुण ब्रुटसने दोन नाणी काढली. एकावर पुढे स्वातंत्र्यदेवता आणि मागे त्याचा पूर्वज लुसियस ब्रुटस, रोममधून राजांना हाकलणारा. दुसऱ्यावर एका बाजूला तोच पूर्वज आणि दुसऱ्या बाजूला आईकडचा पूर्वज अहाला, ज्याने राजा व्हायला बघणाऱ्या एकाला ठार मारलं होतं असं रोमन मानायचे. खुनाच्या दहा वर्षं आधी! माणूस काय करणार आहे हे त्याने चांदीत छापून ठेवलेलं होतं. वाचायचं राहून गेलं.

मग इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सीझरने ते केलं जे रोमच्या टांकसाळीत तोवर झालं नव्हतं. जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर आला. स्वतःचा. डोक्यावर पुष्पमुकुट, मान सुरकुतलेली, बाजूला अक्षरं: 'सीझर, तहहयात हुकूमशहा'. नाण्यावर स्वतःचं डोकं छापायचं ते पूर्वेकडच्या ग्रीक राजांनी. रोमन माणसाला ह्यातून एकच शब्द ऐकू यायचा, 'राजा'. आणि त्या शब्दाची रोमला किती ॲलर्जी होती ते ब्रुटसच्या घराण्याच्या नाण्यांवरून कळतंच. काही आठवड्यांत खून झाला. नाण्यामुळे खून झाला असं मी म्हणत नाही, पण आरोपपत्रात ते नक्की जोडता आलं असतं.

आणि दोनच वर्षांनी, स्वातंत्र्याची टोपी मागे छापताना, ब्रुटसने पुढे स्वतःचा चेहरा टाकला. सीझरने टाकला होता तसाच.

ह्याला ढोंग म्हणून मोकळं होता येतं. मला ते पुरेसं वाटत नाही. ब्रुटस तेव्हा ग्रीस आणि आशिया मायनरमध्ये फौज घेऊन फिरत होता, टांकसाळही सैन्याबरोबरच चालत होती, आणि ही नाणी म्हणजे शिपायांचा पगार. समोर अँटनी आणि ऑक्टेव्हियन, दोघंही आपापल्या चेहऱ्यांची नाणी वाटतायत. शिपायाला प्रजासत्ताक वगैरे दिसत नाही, पगार देणारा माणूस दिसतो. सीझरने खेळाचे नियम बदलले होते आणि त्याला मारून ते नियम परत जुने झाले नाहीत. हे स्वतः ब्रुटसचं नाणं सांगतं. बरं, दुसरा मार्ग नव्हताच असंही नाही. त्याचा साथीदार कॅशियस, दुसरा खंजीर ज्याचा, त्याच मोहिमेत नाणी पाडत होता. त्याच्या नाण्यांवर स्वातंत्र्यदेवताच राहिली, स्वतःचा चेहरा त्याने आणला नाही. शेक्सपियरने ब्रुटसला थोर केलं आणि कॅशियसला कारस्थानी. नाणी वेगळं बोलतात.

इ.स.पू. ४२ च्या ऑक्टोबरात फिलिपीला दोघंही संपले. त्या खंजीरवाल्या नाण्याची सोन्यातली फक्त तीन माहीत आहेत. त्यातलं एक २०२० साली लंडनच्या लिलावात ३० लाख पौंडांच्या वर गेलं, मग त्याच्या मालकीचे कागद बनावट निघाले आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी ते ग्रीसला परत केलं. दोन हजार वर्षं झाली तरी त्या नाण्याभोवतीची भानगड संपायला तयार नाही.

ऑगस्टसच्या (म्हणजे त्याच ऑक्टेव्हियनच्या) काळात नाण्यावर चेहरा कोणाचा हा प्रश्नच उरला नाही. प्रश्न एवढाच, मागे काय. इजिप्त जिंकलं तेव्हा नुसती एक मगर आणि 'इजिप्त काबीज'. पण मला त्याची सगळ्यात चटका लावणारी नाणी वाटतात ती गायस आणि लुसियसची. हे त्याचे नातू, दत्तक घेतलेले, पुढचे वारस. इ.स.पू. २ पासून गॉलमधल्या लुग्दुनुमच्या (आताचं लियाँ) टांकसाळीत ही नाणी प्रचंड संख्येने पडली: दोन मुलं उभी, मध्ये ढाली आणि भाले. इ.स. २ मध्ये लुसियस गेला, इ.स. ४ मध्ये गायस. आजोबा दोघांच्या मागे दहा वर्षं जगले. नाणी फिरतच राहिली.

आणि कुठवर फिरली? आंध्र आणि तामिळनाडूपर्यंत. आपल्याकडे सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत सगळ्यात जास्त आढळतात ती दोनच जातींची: ही दोन मुलांची, आणि नंतरच्या टायबेरियसची, मागे बसलेली स्त्री असलेली. मिरी, मोती, कापड ह्यांच्या बदल्यात जहाजं भरून चांदी आली. प्लिनी कुरकुरतो की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो (चार सेस्टर्स म्हणजे एक देनारियुस). एका रोमन शिपायाचा वर्षाचा पगार २२५ देनारियुस होता, करा हिशोब. मी केला: साडेपंचावन्न हजार शिपायांचा पगार, दरवर्षी. प्लिनीचा आकडा अगदी काटेकोर धरायचं कारण नाही, पण त्याची कुरकुर खरी आहे.

दक्षिणेत लोकांनी ह्या नाण्यांच्या नकलाही केल्या. चेहरा ठीकठाक, पण अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. लॅटिन न येणाऱ्याने चित्र म्हणून उतरवलेली. न समजता कोड कॉपी-पेस्ट करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे तर! काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीने आडवा घाव घातलेला दिसतो. पुदुकोट्टईला १८९८ साली ५०१ सोन्याची नाणी एकत्र सापडली, त्यातल्या बहुतेक सगळ्यांवर असे घाव आहेत. कस बघायला असतील, किंवा 'हे आता नाणं नाही, नुसतं सोनं' असं सांगायला. कारण काहीही असो, ज्या चेहऱ्यासाठी रोममध्ये खून पडले त्याची इथल्या सराफाला काडीची किंमत नव्हती.

आपल्या बाजूला, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर, गोष्ट वेगळी आहे. 'पेरिप्लस' ह्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की भडोचला सोन्याचांदीचे देनारियुस आणावेत, तिथल्या नाण्यांशी बदलताना नफा होतो. पैठण आणि तेरहून बैलगाड्यांनी भडोचला माल येतो हेही त्यात आहे. मग ती चांदी गेली कुठे? इथे रोमन चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे दक्षिणेसारखे सापडत नाहीत. अभ्यासकांचा एक तर्क असा की क्षत्रपांनी ती वितळवली आणि स्वतःची नाणी पाडली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपान क्षत्रपाची सव्वातेरा हजारांच्या आसपास चांदीची नाणी सापडली. पुढे राजाचा चेहरा, कडेने ग्रीक अक्षरं. आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकलेली आहेत, थेट नहपानाच्या तोंडावर. लढाई कोण जिंकलं हे सांगायला वेगळा शिलालेख नको. ब्रुटसला हे नाणं लगेच वाचता आलं असतं. तेरला मात्र रोमन नाण्यांच्या ठशावरून केलेली मातीची पदकंही सापडली आहेत, गळ्यात घालायची. कोण्या तेरकराने टायबेरियसचं डोकं दागिना म्हणून मिरवलं असेल.

ह्या सगळ्यातली माझी आवडती गोष्ट मात्र लंकेतली आहे, प्लिनीनेच सांगितलेली. एक रोमन मुक्त गुलाम, मालकाच्या कामासाठी अरबस्तानाच्या किनाऱ्याने जात असताना वादळात सापडून लंकेला लागला. तिथल्या राजाने त्याला ठेवून घेतलं, सहा महिन्यांत तो भाषा शिकला. राजाला सगळ्यात नवल वाटलं ते त्याच्याकडच्या देनारियुसांचं. प्रत्येकावर वेगळं डोकं, म्हणजे वेगवेगळ्या राजांनी पाडलेली, आणि वजन मात्र सगळ्यांचं सारखं! एवढ्यावरून त्याने ठरवलं की हे लोक प्रामाणिक आहेत, आणि रोमला वकील धाडले. चित्रांकडे राजाने पाहिलं ते फक्त ती वेगळी आहेत एवढं मोजायला.

प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे हे घडलं क्लॉडियसच्या राजवटीत. त्याच्यानंतर आला नीरो. इ.स. ६४ मध्ये त्याने एका रोमन पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला सुरुवात केली आणि चांदीत खोटही मिसळली. वरून नाणं तसंच, चेहरा सुबक. रोममध्ये सरकारी हुकमाने खपलं. भारतात? नीरोच्या बदलानंतरची रोमन चांदीची नाणी इथे अगदी तुरळक मिळतात. सोनं येत राहिलं, चांदी जवळजवळ थांबली. टॅसिटस लिहितो की जर्मन लोकसुद्धा जुनी, खाचांची आणि रथाचं चित्र असलेली नाणीच मागतात. ज्यांना आपण 'रानटी' म्हणतो त्यांना कस बरोबर कळत होता.

पुढचा उतार सगळ्यांना माहीत आहे. सेव्हेरसच्या काळी नाण्यात चांदी निम्म्यावर आली. आणि चित्रं मात्र कधी नव्हे एवढी गोग्गोड! त्याचा मुलगा कॅराकल्ला आणि सून प्लॉटिला हातात हात घेऊन, 'साम्राज्याचा वंशविस्तार' म्हणून. तीनच वर्षांत कॅराकल्लाने तिला हद्दपार केलं, नंतर मारवलं. दोघा भावांच्या 'सलोख्या'ची नाणी, आणि इ.स. २११ मध्ये त्यातल्या एकाने दुसऱ्याला आईच्या कुशीत मारलं. माझा एक ठोकताळा झालाय: नाण्यावर 'सलोखा' दिसला की त्या घरात काहीतरी जळतंय. २७० च्या आसपास नाण्यात चांदी शेकड्याला दोन-तीन भाग उरली होती, तांब्यावर नुसता पांढरा हात फिरवलेला.

एक राहिलंच. ॲक्टियमच्या लढाईआधी, इ.स.पू. ३२-३१ मध्ये, अँटनीने आपल्या सैन्यासाठी ढिगांनी देनारियुस पाडले. पुढे लढाऊ गलबत, मागे गरुडध्वज आणि प्रत्येक पलटणीचा आकडा. पैसे कमी होते म्हणून त्याने चांदीत खोट घातली. प्लिनी म्हणतो लोखंड, प्रत्यक्षात तांबं. अँटनी हरला, मेला, त्याचे पुतळे पाडले. पण नाणी राहिली. कारण चांगलं नाणं लोक घरात पुरून ठेवतात किंवा वितळवतात, हलकं असेल ते दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. त्यामुळे ही हलकी नाणी हातोहात फिरत, झिजत, दोनशे वर्षांच्या वर चालली. इ.स. १६० च्या दशकात मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस ह्या दोन सम्राटांनी त्यातल्या सहाव्या पलटणीच्या नाण्याची नवी आवृत्तीच काढली. तेच गलबत, तोच गरुड, एका बाजूला अँटनीचं नाव, दुसऱ्या बाजूला त्यांचं.